तीन नंबरचा मायक्रोफोन

"बाबांनी काही केलेलं नाही. तरी उद्या पाचच्या आत ते माफीनामा लिहून देणार आहेत," शरयू टिकेकर म्हणाली आणि पिशवीतून घडी केलेला कागद काढून तिने टेबलावर ठेवला.

जगदेवराव सुर्व्यांनी कागदाला हात लावला नाही. आधी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

संस्थानच्या पोलिसांत त्यांनी वीस वर्षे काढली होती. संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झाले तेव्हा नोकरी सोडून त्यांनी ग्वाल्हेरच्या माधवगंजात खासगी तपासाचे काम सुरू केले. आता परवापासून, म्हणजे एक नोव्हेंबर छप्पनपासून, मध्यभारतही उरणार नव्हते. राजधानी भोपाळला जाणार होती आणि मोठे न्यायालय जबलपूरला.

कोपऱ्यात भालचंद्र वझे बसले होते. ते शाळेचे ग्रंथपाल. दिवाळीची सुट्टी लागली की ते मित्राकडे येऊन बसत, आणि तपासात आपला काही उपयोग होतो की नाही याची काळजी करत.

"कशाबद्दल माफी?" जगदेवरावांनी विचारले.

"मायक्रोफोन फिरवल्याबद्दल."

शरयूने सांगितले ते असे. तिचे वडील रघुनाथराव तीस वर्षे न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदाराची जबानी यापुढे टेपरेकॉर्डरवर घ्यावी काय, आणि घ्यायची तर कोणत्या मायक्रोफोनने, हे ठरवण्यासाठी एक समिती नेमली होती. शुक्रवारी चाचणी झाली. दौलतगंजातले रेडिओवाले रमाकांत ओक यांनी तीन मायक्रोफोन आणले. कोणाची कंपनी कोणती हे दिसू नये म्हणून तिन्हींवर पातळ मलमलीच्या पिशव्या चढवल्या होत्या. त्या शरयूनेच शिवल्या होत्या. दोन चाचण्या सकाळी झाल्या. तिसरा मायक्रोफोन मधल्या सुट्टीआधी टेबलावर लावून ठेवला होता. सुट्टीनंतर त्यावर जबानी घेतली, तर टेपवर साक्षीदाराचा शब्द लागेना.

"ओकांनी पिशवी काढून पाहिलं. मायक्रोफोनचं डोकं कोणीतरी पाव फेरा फिरवून वरची कडी पुन्हा घट्ट केली होती. आणि सुट्टीत खोलीत बाबा एकटेच डबा खात बसले होते."

"यंत्र आलं की लघुलेखक जाणार, म्हणून त्यांनी ते बिघडवलं, असं समितीचं म्हणणं?"

"हो. शिवाय त्यांनी लिहिलेल्या पहिल्या दोन जबान्या स्वच्छ आहेत. तिसरीत अकरा जागा कोऱ्या. मनात चोर होता म्हणून हात चालला नाही, असं म्हणतात."

जगदेवरावांनी आता कागद उलगडला. "माफीनामा कोणी लिहिला? हे अक्षर लघुलेखकाचं नाही."

"महिपतकाकांनी. महिपतराव निकम, पेशकार आहेत, साहेबांपुढे फाइली मांडतात. बाबांचे पंचवीस वर्षांचे मित्र. ते म्हणाले, सही करून टाक, बाकीचं मी साहेबांकडे सांभाळून घेतो." तिने पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "नवीन राज्याची यादी उद्या बंद होते. माफीनामा दिला तर बाबांचं नाव कटेल, पण अब्रूनं घरी बसता येईल. नाही दिला तर चौकशी. पण माफी म्हणजे गुन्हा कबूलच ना? तीस वर्षांत त्यांच्या एका शब्दावर कुणी बोट ठेवलं नव्हतं."

"कागद तुमच्याजवळ ठेवा," जगदेवराव म्हणाले. "वडिलांनी मागितला तर म्हणावं, उद्या दुपारपर्यंत सापडत नाही."

रघुनाथरावांनी आपल्या घरी दोघांना खिडकीसमोरच्या खुर्च्यांवर बसवले, उजेडाकडे तोंड करून. स्वतः समोर बसले. काटकुळे शरीर, बोटांना शाईचे डाग, आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून न हलणारी नजर.

"सुट्टीत मी खिडकीशी बसून डबा खाल्ला. रोज तिथेच खातो," ते म्हणाले. "खोलीत कोणी आलं नाही."

"कोणीच नाही? शिपाईसुद्धा?"

"एक माणूस नाही. तेच तर माझ्याविरुद्ध जातंय, पण खोटं कसं सांगू?"

"मायक्रोफोन कसा चालतो, तुम्हाला माहीत होतं?"

"आदल्या दिवशी मी आणि महिपत ओकांच्या दुकानात गेलो होतो. ओक पुष्कळ बोलले. मला त्यातलं फारसं कळलं नाही."

जगदेवराव उठून मागच्या कपाटापाशी गेले आणि पुस्तके पाहू लागले. "हा लघुलिपीचा कोश फार जुना दिसतो. कुठे मिळाला?"

रघुनाथराव समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. उत्तर आले नाही.

"बाबा आपल्याच विचारात असतात हल्ली," शरयू हळूच म्हणाली.

बाहेर पडल्यावर भालचंद्र म्हणाले, "फार खचलाय हो माणूस. तुमचा प्रश्नसुद्धा त्यांच्यापर्यंत पोचला नाही."

"नाही पोचला," जगदेवराव म्हणाले.

न्यायालयाची खोली उमाजी शिपायाने उघडून दाखवली. मधोमध एक टेबल. त्याच्या एका बाजूला न्यायाधीशांचे आसन, समोरच्या बाजूला साक्षीदाराचा पिंजरा आणि त्यामागे दार. डाव्या हाताला एकच लांब बाक, त्यावर पेशकार आणि लघुलेखक शेजारी शेजारी बसत. उजव्या हाताला खिडकी, तिच्याखाली टांग्यांचा अड्डा. खिडकीशी एक खुर्ची होती, दाराकडे पाठ केलेली.

"शुक्रवारी साक्षीदार मीच होतो," उमाजी म्हणाला. "साहेब बोलले, तुझ्या गावच्या चोरीची हकीकत सांग. तीन वेळा सांगितली. तिसऱ्या वेळी तर मलाच वाटायला लागलं की चोरी मी केली."

"तू बोलतोस ते लघुलेखक तसंच लिहितात?"

"नाही साहेब. साक्षीदार गावठी बोलतो, कोणी बुंदेली, कोणी काय. तो एक वाक्य बोलला की पेशकारसाहेब तेच साफ करून म्हणतात, मग टिकेकरसाहेब लिहितात. माझ्या बापाच्या वेळेपासून असंच आहे. शेवटी सगळं वाचून दाखवतात आणि साक्षीदार अंगठा लावतो."

"सुट्टीत या खोलीत कोण आलं होतं?"

"मी खुर्च्या पुसायला आलो. टेबलाला हात नाही लावला, ओकसाहेबांनी खडूची खूण केली होती, पुसली तर माझ्या गळ्यात आलं असतं. मग पेशकारसाहेब फाइली ठेवायला आले. रोजच येतात."

भालचंद्र चपापले. "हे समितीला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी विचारलं, खोलीत कोण बसलं होतं. मी सांगितलं, टिकेकरसाहेब. आलं-गेलं कोण ते कुणी पूछलंच नाही."

"टिकेकरसाहेबांनी तुला पाहिलं का?" जगदेवरावांनी विचारले.

उमाजीने तोंड वाकडे केले. "त्यांची पाठ होती. मी चांगलं जोरात राम राम केलं. मान वर नाही केली. साहेब, माणूस भला आहे, पण दोन वर्षांपासून घमंड फार आलीय."

जिना उतरताना भालचंद्र म्हणाले, "म्हणजे रघुनाथराव खोटं बोलले. कोणी आलं नाही म्हणाले, आणि दोघं येऊन गेले."

"खोटं बोलणारा स्वतःच्या फायद्याचं बोलतो, वझे. दोघं आले होते असं म्हटलं असतं तर ते सुटले असते."

रमाकांत ओकांचे दुकान दौलतगंजात दोन कापडवाल्यांच्या मध्ये चेपून बसले होते. रमाकांत पस्तिशीचा, उत्साही, आणि या क्षणी फार दुखावलेला.

"एक नंबर कार्बनचा. टेलिफोनात असतो तसा. स्वस्त, पण सारखा खरखरतो," त्याने समोर मांडून दाखवले. "दोन नंबर क्रिस्टलचा. आवाज साफ, पण आपल्या ग्वाल्हेरचा मे महिना त्याच्याने काढवत नाही, आतला खडा गरमीनं खलास. तीन नंबर बघा. आत धातूची एक पातळ पट्टी टांगलेली आहे. ही चीजच वेगळी. समोरचं ऐकतो, पाठचं ऐकतो, आणि दोन्ही बगलांनी बहिरा. कोर्टासाठी एकदम सही. एकीकडे जज्ज, एकीकडे साक्षीदार, आणि बाजूची कुजबुज गायब."

"हे तुम्ही टिकेकर आणि निकम दोघांनाही सांगितलंत?"

"दोघं इथेच उभे होते. बाहेर बँडवाले चालले होते, मला ओरडून बोलावं लागलं. निकमसाहेबांनी दोन-चार सवालही केले. टिकेकरसाहेब नुसती मान हलवत होते. नंतर त्यांनी हेडफोन लावले आणि आवाजाचं बटण हातात घेतलं. तासभर एकच टेप पुन्हा पुन्हा ऐकत बसले. मला वाटलं, चुका काढताहेत. निघताना माझा हात धरून म्हणाले, हाच पास व्हायला हवा. आणि दुसऱ्याच दिवशी हे."

"सुट्टीनंतर तुम्ही तपासलं नाहीत?"

"बैठकीवर बाण आहे, तो खडूच्या रेघेला लावला होता. बाण जागेवरच होता. वरचं डोकं पिशवीत, कळणार कसं? यंत्राचा हिरवा दिवा आवाजाबरोबर लुकलुकत होता. मी समजलो, सब ठीक."

"समितीने तिसरी टेप किती ऐकली?"

"अर्धा मिनिट. मग साहेब म्हणाले, बंद करा."

"आपण तिन्ही शेवटपर्यंत ऐकू."

पहिल्या टेपवर खरखरीतून उमाजी बोलत होता. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे महिपतरावांचा आवाज तेच वाक्य नीटनेटके करून म्हणे. दुसऱ्या टेपवरही तसेच, जरा स्वच्छ. तिसऱ्या टेपवर उमाजी जणू विहिरीच्या तळाशी होता. त्याऐवजी बाडा चौकाच्या सवाऱ्या बोलावणारा खिडकीखालचा टांगेवाला "बाडा, बाडा" ओरडताना कानाशी ऐकू येत होता. कागदावर निब खरवडत होती, मध्येच थांबत होती. कोणाचा तरी श्वास जड झाला होता. एकदा अगदी हळू आवाजात रघुनाथराव म्हणाले, "महिपत?" मग नुसता टांग्यांचा खडखडाट. आणि अगदी शेवटी, "कामकाज तहकूब," अशी महिपतरावांची आरोळी एवढ्या जोरात आली की भालचंद्र स्टुलावरून अर्धे उठले.

"टांगेवाल्याचीच जबानी घेतली म्हणायची," ते ओशाळून म्हणाले.

जगदेवरावांना हसू आले नाही. "ओक, हे सगळं सामान उद्या तीनला न्यायालयात आणा. तीन नंबर बरोबर लावा. आणि हेडफोन विसरू नका."

महिपतराव निकम भरदार देहाचे, गोड बोलणारे गृहस्थ होते. घरी आलेल्या दोघांना त्यांनी चकली पुढे केली.

"रघुनाथ माझ्या भावासारखा आहे. भिऊन गेला बिचारा. या वयात यंत्र समोर आलं की माणसाची बुद्धी फिरते. साहेबांना म्हणालो, माफी घ्या आणि सोडा."

"तुम्ही सुट्टीत खोलीत गेला होतात."

"फाइली ठेवायला. दोन मिनिटं." महिपतरावांनी सुस्कारा सोडला. "आता तो म्हणतो, कोणी आलंच नाही. मग मी उगाच बोलून त्याला खोटं कशाला पाडू?"

"नवीन व्यवस्थेत तुमचं काय?"

"जबलपूर. ग्वाल्हेरला शाखा राहील, तिथे नोंदी सांभाळायला एकच जागा. यादीत रघुनाथ पहिला, मी दुसरा. दोन महिन्यांनी तो मला ज्येष्ठ. चालायचंच. सासुरवाडी, शेत, सगळं इथे सोडून चाललो."

अंगणात दगडी कोळशाच्या दोन पोत्यांची तोंडे नुकतीच सोडलेली दिसत होती. ओसरीवर एक लोखंडी ट्रंक उघडी होती आणि महिपतरावांच्या पत्नी विजयाबाई तिच्यातली पितळी भांडी काढून पुन्हा फळीवर लावत होत्या.

"आमच्या घरचे कोळसा अजून घेत नाहीत," भालचंद्र काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाले. "तुमच्याकडे थंडी लवकर येते वाटतं."

"शनिवारी स्वस्त मिळाला," महिपतराव म्हणाले.

बुधवारी तीन वाजता खोलीत समितीचे अध्यक्ष न्यायाधीश आपल्या आसनावर बसले. रघुनाथराव आणि महिपतराव नेहमीच्या बाकावर होते, शरयू त्यांच्या मागे. उमाजी दाराशी. रमाकांतने तीन नंबरचा मायक्रोफोन टेबलावर लावून यंत्र सुरू केले होते.

"आपल्याला दहा मिनिटं देतो," न्यायाधीश म्हणाले.

जगदेवरावांनी खिशातून एक चिठ्ठी काढून रघुनाथरावांच्या हातात दिली. रघुनाथरावांनी ती वाचली, पुन्हा वाचली. मग त्यांनी मान हलवली.

"टिकेकरांनी परवानगी दिली, आता मला बोलता येईल," जगदेवराव म्हणाले. ते रघुनाथरावांच्या समोर, उजेडात उभे राहिले. "साहेब, टिकेकरांना दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नाही."

शरयूने बाकाची कड धरली. न्यायाधीश पुढे झुकले.

"समोर ओठ दिसले तर त्यांना बोलणं कळतं. त्यांच्या पाठीमागे उभा राहून मी प्रश्न विचारला, तो त्यांच्यापर्यंत गेला नाही. उमाजीचा राम रामही गेला नव्हता. खोलीत कोणी आलं नाही, हे त्यांनी खरंच सांगितलं. त्यांच्यापुरतं कोणी आलंच नव्हतं."

"घमंड नव्हती तर," उमाजी पुटपुटला.

"मग जबान्या?" न्यायाधीशांचा आवाज कडक झाला. "बहिरा माणूस दोन वर्षं साक्षी लिहितो?"

"पेशकार साक्षीदाराचं वाक्य साफ करून म्हणतात, ही जुनी रीत आहे. निकम शेजारी बसतात. टिकेकर त्यांच्या ओठांवरून लिहायचे. खोलीत कुणालाच त्यात वेगळं दिसलं नाही. प्रत्येक जबानी वाचून दाखवून साक्षीदाराचा अंगठा घेतलेला आहे, म्हणून ती खरी आहे. पण हे गुपित दोघांचं होतं, आणि दोघांनीच ते पाळलं."

"मित्र होता, सांभाळून घेतलं," महिपतराव म्हणाले. "हा गुन्हा असेल तर कबूल."

"हा नाही. पुढचा." जगदेवरावांनी मायक्रोफोनकडे बोट केले. "हा बगलांनी बहिरा आहे, हे ओकांशिवाय कोणाला माहीत होतं? दुकानात दोघं होते. पण बाहेर बँड वाजत होता आणि टिकेकरांना त्यातलं काही कळलं नाही. कळलं ते हेडफोनमधून. आवाजाचं बटण हातात आल्यावर दोन वर्षांनी त्यांना प्रत्येक शब्द ऐकू आला. साहेब, हे यंत्र सगळ्यात जास्त हवं असणारा या शहरातला माणूस म्हणजे रघुनाथ टिकेकर. ते आलं असतं तर त्यांना कोणाच्या ओठांची गरज उरली नसती."

रघुनाथराव खाली पाहत होते.

"आता सुट्टीतली गोष्ट. एक माणूस पाठ करून बसलाय आणि चार पावलांवर दुसरा माणूस पिशवीवरून कडी सैल करतो, डोकं फिरवतो, कडी आवळतो. एवढी हिंमत कोणाची होईल? पाठमोऱ्या माणसाला ऐकू येत नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याची. उमाजीला ठाऊक नव्हतं, तो जोरात राम राम करत होता. ओकांना ठाऊक नव्हतं, आणि स्वतःचा सगळ्यात चांगला माल ते पाडतील कशाला?"

"हा सगळा तर्क झाला," महिपतराव म्हणाले. गोडवा अजून होता, पण पातळ झाला होता.

"तर्क खरा. पुरावा टेपवर आहे. पहिल्या दोन टेपांवर उमाजीच्या प्रत्येक वाक्यामागे तुमचा आवाज आहे. तिसऱ्या वेळी मायक्रोफोनचं तोंड थेट तुमच्या बाकाकडे होतं. टिकेकरांचा श्वास ऐकू येतो. निब ऐकू येते. तुमचा एक शब्दही नाही. पंचवीस वर्षांची रीत त्या एका तासापुरती तुम्ही मोडलीत. का? कारण यंत्र आता तुमचं बोलणं टिपणार हे खोलीत एका माणसालाच माहीत होतं. तुम्ही साफ करून म्हटलेली वाक्यं टेपवर ठणठणीत आली असती, तर चाचणी फसलीच नसती. तुम्ही गप्प बसलात, आणि टिकेकरांच्या कागदावर अकरा जागा कोऱ्या राहिल्या."

"घसा बसला होता माझा."

"शेवटची 'कामकाज तहकूब' लावू का? आमचे वझे त्या आरोळीने स्टुलावरून उठले होते."

भालचंद्रांनी मान डोलावली. तीच टेप आपणही ऐकली, आणि आपल्याला त्यात फक्त टांगेवाला सापडला, हे त्यांना लागले होते.

"चाचणी शुक्रवारी झाली," जगदेवराव पुढे म्हणाले. "शनिवारी तुम्ही हिवाळ्याचा कोळसा घेतलात. काल तुमच्या घरी ट्रंक भरली जात नव्हती, रिकामी होत होती. पहिलं नाव कटलं की ग्वाल्हेरची जागा दुसऱ्याची. माफीनामाही तुमच्याच अक्षरात."

खिडकीखाली टांगेवाले ओरडत होते.

"दोन वर्षं," महिपतराव म्हणाले, "याचे कान मी होतो. जबानी उत्तम झाली की साहेब म्हणायचे, शाब्बास टिकेकर. माझं नाव कुठे आलं नाही. आणि यादीत पुन्हा हाच पहिला."

हे बोलताना त्यांचा चेहरा रघुनाथरावांकडे होता. रघुनाथरावांना सगळे कळले.

"तू मला सांगायचं होतंस, महिपत," ते म्हणाले. "जागा मी सोडली असती. शुक्रवारी मी तुला हाक मारली. मला वाटलं, तुला बरं नाहीये. मला तुझीच काळजी लागली होती."

न्यायाधीशांनी शरयूकडून माफीनामा मागवून घेतला आणि तो चार तुकडे करून टेबलावर ठेवला. "निकमांची चौकशी होईल. टिकेकर, तुम्हीही हे आम्हाला सांगायला हवं होतं."

"हो साहेब. लाज वाटली."

"बाकावर तुम्हाला आता बसवता येणार नाही. पण टेपवरून जबान्या उतरवणारा माणूस लागेल. त्याला हेडफोन मिळतील. यादी पाचला बंद होते." त्यांनी पेन उघडले. "टिकेकरांचं नाव राहील."

सगळे उठले. महिपतराव दारापर्यंत गेले, तिथे थबकले, आणि पाठमोरेच, मान खाली घालून काहीतरी बोलले. फार हळू. मग ते गेले.

सगळे दाराकडे वळलेले पाहून रघुनाथरावांनी लेकीकडे पाहिले. "काय म्हणाला तो?"

शरयूने ऐकले होते. तिचे ओठ हलले नाहीत.

रमाकांत यंत्राजवळून म्हणाला, "टिकेकरसाहेब, टेप चालूच होती. दार समोरच येतं, आवाज आलाय. ऐकता?" त्याने हेडफोन पुढे धरले.

रघुनाथरावांनी ते हातात घेतले. शाईच्या बोटांनी त्यांची वायर सरळ केली, आणि जपून टेबलावर ठेवले.

"राहू दे," ते म्हणाले. "दोन वर्षं तो जे जे म्हणाला ते सगळं मी लिहून घेतलं. हे नाही घ्यायचं."